पानाची पहिली ओळ

आमच्या शाळेचं अमृतमहोत्सवी वर्ष आहे. त्यानिमित्त माजी विद्यार्थ्यांनी शाळेचं संकेतस्थळ काढलं. आमच्या घरातून दोन लेख मागितले, एक माझा आणि एक ह्यांचा. आम्ही दोघंही त्याच शाळेत होतो, मी मराठीला आणि हे गणिताला. ह्यांची नजर काचबिंदूने जवळपास गेलेली आहे, त्यामुळे त्यांनी सांगितलं आणि मी टंकलं. वर्गातल्या फळ्यावर भूमितीच्या आकृत्या काढताना दोरीचा कंपास कसा करायचे, याबद्दल छान लिहिलं त्यांनी. तीन दुपारी लागल्या. एकेका शब्दासाठी अडून बसायचे.

लेख संकेतस्थळावर चढला तसा आमच्या ह्यांना कोण उत्साह! त्यांच्या संगणकावर नातीने एनव्हीडीए नावाची आज्ञावली बसवून दिली आहे. पडद्यावरचा मजकूर ती वाचून दाखवते. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी 2006 मध्ये ती सुरू केली आणि आजही ती फुकट मिळते. (हे वाचून मला त्या पोरांच्या शिक्षकांना पत्र पाठवावंसं वाटलं होतं.) तर हे कानाला यंत्र लावून बसले आणि दोन मिनिटांत त्यांनी ते काढून ठेवलं.

"हा हिंदीवाला कोण वाचून राहिला माझा लेख?"

मी ऐकलं. खरंच! अक्षरं आमचीच, पण सगळा सूर हिंदी. 'ज्ञान'चं ग्यान. 'माझा' आणि 'चांगला' यांतले ते आपले खास दातांजवळचे झ आणि च पार पुसलेले. ह्यांनी स्वतः शब्द शब्द निवडून सांगितलेलं मराठी त्यांना कुणीतरी परका माणूस वाचून दाखवत होता. आणि मुख्याध्यापकांचं मनोगत? ते आलं तेव्हा यंत्र नुसतं 'चित्र' म्हणालं आणि पुढे गेलं. कारण ते मनोगत टंकून त्याचा फोटो काढून तिथे चिकटवलेला. डोळस माणसाला मजकूर, आणि आंधळ्याला शून्य.

मी संकेतस्थळ करणाऱ्याला फोन लावला. माझाच विद्यार्थी, दहावीची बॅच 1989. आता पन्नाशी ओलांडलेला, गायत्रीनगरच्या बाजूला स्वतःचं छोटं ऑफिस आहे, हाताखाली चार मुलं आहेत. अतिशय सज्जन. शाळेकडून एक पैसा घेतला नाही त्याने.

"बाई, तुमच्या आवाजवाल्या सॉफ्टवेअरमध्येच काही प्रॉब्लेम असेल. आपलं तर टेम्प्लेट आहे नं. रेडीमेड येते. आम्ही फक्त मजकूर टाकून राहिलो."

मला काय कळणार? मी गप्प बसले. पण मग दिवाळीला नात आली. तिने आजोबांच्या संगणकावर ते पान उघडलं आणि कंट्रोल व यू ही दोन बटणं एकदम दाबली. पानामागची पाटी उघडली. (तुम्हीही करून बघा मंडळी, कुठल्याही पानावर चालतं. कोणी ओरडत नाही.) तिने अगदी वरच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे भाषेच्या रकान्यात लिहिलं होतं 'एच आय'. म्हणजे हिंदी. तयार साचा बहुधा कुठल्या तरी हिंदी शाळेसाठी वापरलेला, तोच पुढे आला. तिथे 'एम आर' अशी दोन अक्षरं हवी होती, एवढंच.

आता नातीने मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. संगणकाला 'क' माहीत नसतो. त्याला आकडे माहीत. सगळ्या जगाच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एकेक क्रमांक देऊन ठेवला आहे, त्या व्यवस्थेला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती 1991 साली आली. आपल्या 'क'चा क्रमांक 2325. 'ल' 2354 आणि 'ळ' त्याच्या शेजारी 2355. पण हे क्रमांक देवनागरीचे आहेत, मराठीचे नाहीत! मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी सगळ्या त्याच रांगेत बसतात. त्यामुळे मजकूर बघून यंत्राला लिपी कळते, भाषा कळतेच असं नाही. ती सांगावी लागते. म्हणून पानाच्या पहिल्या ओळीत तो रकाना ठेवलेला आहे.

आम्हा नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. हे शहर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी आणि मराठी इथे एकाच रस्त्यावर राहतात. बर्डीवर दुकानाच्या पाटीवर 'कमल' लिहिलेलं असलं तर ते कुठल्या भाषेतलं, हे दुकानदाराला विचारल्याशिवाय कसं कळणार? (मराठीत आपण कमळ म्हणतो ही गोष्ट वेगळी. पण मुलीचं नाव असेल तर?)

आणि हा रकाना नुसता आंधळ्यांसाठी नाही हं. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लिहायची आपली रीत आहे, हिंदीत दंडाचा ल आणि शेंडीफोड्या श. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर 2022 मध्ये वर्णमालेबद्दल सुधारित निर्णय काढला त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श हेच सांगितलं आहे. चांगल्या टंकांमध्ये ही दोन्ही रूपं भरलेली असतात. पान मराठी आहे असं पहिल्या ओळीत सांगितलं की टंक आपोआप मराठी रूप काढून देतो. चाळीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत तो श दुरुस्त केला, लाल शाईने, आणि त्याच पोरांनी माझ्या शाळेच्या नावातला श शेंडीफोड्या करून टांगला. मला ते आधी दिसलंसुद्धा नव्हतं, हेही कबूल करते.

हे आपल्याच गावचं दुखणं आहे असं नाही. वेबेम नावाची अमेरिकेतली एक संस्था 2019 पासून दरवर्षी जगातली दहा लाख मुखपृष्ठं तपासते. 2024 च्या तपासणीत सुमारे 17 टक्के पानांवर भाषेचा रकाना मुळी नव्हताच, आणि निम्म्याहून जास्त पानांवर निदान एखादं तरी चित्र असं होतं की त्यात काय आहे ते शब्दांत लिहिलेलं नाही. यांतली बरीचशी पानं काही नवशिक्यांनी केलेली नसणार, पगारी माणसांनी केलेली असणार.

नातीने आणखी एक गंमत सांगितली. 2016 च्या मार्चमध्ये एका गृहस्थाने रागावून आपली एक अकरा ओळींची आज्ञावली सार्वजनिक कोठारातून काढून घेतली, आणि जगभर हजारो ठिकाणी कामं अडली. काय करायची ती आज्ञावली? शब्दाच्या किंवा आकड्याच्या डाव्या बाजूला मोकळी जागा नाहीतर शून्यं भरायची. हजेरीपटात आपण 7 च्या आधी शून्य घालून 07 लिहितो, तेवढंच! मोठमोठ्या कंपन्यांच्या कामात ती तिसऱ्याचौथ्या हाताने येऊन बसलेली होती आणि ती आपल्याकडे आहे हेही अनेकांना ठाऊक नव्हतं. मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

आता दुसरी बाजू. सोप्या साधनांना नावं ठेवायचा मला काडीचा अधिकार नाही. मी मराठी टंकते ती इंग्रजी अक्षरं दाबून, उच्चाराप्रमाणे. सरकारमान्य इनस्क्रिप्ट कळफलक मला आजही येत नाही. वीस वर्षांपूर्वी 'गमभन' आणि 'बरहा' यांसारखी साधनं आली नसती तर माझ्यासारख्या किती जणांनी महाजालावर एक ओळ लिहिली असती? फ्रीज कसा थंड करतो हे मला कळत नाही, तरी मी त्यात दूध ठेवते. पण मी फ्रीज दुरुस्त करायचं दुकान मांडलेलं नाही. पुरण विकत आणून पोळ्या करायला माझी हरकत नाही, पण जी बाई पोळ्यांच्या ऑर्डरी घेते तिला पुरण सैल झालं तर काय करायचं हे आलं पाहिजे की नाही? जो ज्याचे पैसे घेतो (किंवा आमच्या विद्यार्थ्यासारखे न घेता नाव घेतो), त्याने आपल्या हत्याराच्या खालचा निदान एक थर तरी उकरून पाहिलेला असावा. सगळे थर कोणालाच येत नाहीत.

आणि न उकरल्याचं नुकसान लगेच दिसत नाही, हीच तर खरी अडचण. 2003 साली आमच्या शाळेची स्मरणिका निघाली होती. डीटीपीवाल्याने तेव्हाच्या टंकात सगळा मजकूर बसवला, दिसायला सुरेख. आम्ही ती सीडी जपून कपाटात ठेवली. या वर्षी तिच्यातला मजकूर संकेतस्थळावर घ्यायला उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. कारण त्या टंकांत मराठी साठवलेलंच नसायचं. संगणकाच्या लेखी ती इंग्रजीच, वरून देवनागरीचा मुखवटा चढवलेला. तो टंक त्या यंत्रावर असेतो सोंग टिकलं. टंक गेला आणि बहुरूप्याचा रंग धुतला गेला. युनिकोड तेव्हा बारा वर्षांचं होतं! त्या स्मरणिकेत आमच्या चार दिवंगत सहकाऱ्यांचे लेख आहेत. छापील प्रत होती म्हणून बरं, आता मी रोज दोन पानं टंकते आहे.

माजी विद्यार्थ्यांची यादीही अशीच. 'ॲड.' घालून शोधलं तर निम्मेच वकील सापडतात. कारण 'ॲ' हे आख्खं अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं, क्रमांक 2418. त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र द्यायचे, म्हणजे 2309 आणि 2373. डोळ्यांना दोन्ही सारखं, यंत्राला दोन निराळ्या वस्तू. यादी दोघांनी टंकली, एकाने असं, एकाने तसं. ह्यांना हे सांगितलं तर गणिताचे मास्तर खूश! म्हणाले, दिसायला समान म्हणजे समान नव्हे, हे मी नववीत शिकवत होतो, एकरूपता सिद्ध करावी लागते.

असो. हे सगळं घेऊन मी त्या विद्यार्थ्याकडे गेले. फोनवर नको म्हटलं. त्याने चहा मागवला, खुर्चीवरच्या फायली उचलल्या, ऑफिसातली पोरं उभी राहिली. मी बोलायला सुरुवात केली ती थोडी वर्गातल्यासारखीच झाली असावी. साचे आयते घेता, आता तर एआयला सांगून आख्खं पान लिहून घेता, पण पहिली ओळ वाचत नाही, वगैरे.

त्याने शांतपणे ऐकलं. मग हसून म्हणाला, "बाई, एक बोलू? राग मानू नका. दहावीला तुम्ही आम्हाला पाच निबंध पाठ करून दिले होते. म्हणाल्या होत्या, विषय काहीही आला तरी यातलाच कोणतातरी बसवा. मला 'पावसाळ्यातील एक दिवस' अजून येते. म्हणून दाखवू?"

आणि त्याने म्हणून दाखवला. पहिले दोन परिच्छेद, एक शब्द न चुकता. ऑफिसातली पोरं बघत होती.

मी काय बोलणार? खरं होतं ते. बोर्डाचा निकाल वर न्यायचा होता, वर्गात साठ पोरं होती, त्यातल्या अर्ध्यांच्या घरी पुस्तक नव्हतं. निबंध लिहायला शिकवायचं तर वर्ष पुरत नव्हतं, निबंध द्यायला एक आठवडा पुरत होता. ती पोरं पास झाली. तो पास झाला, त्याच्या घरातला पहिला. मी आज पुन्हा त्या वर्गात उभी राहिले तर काय करीन, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही. पण वाक्य कसं उभं राहतं हे त्याला कोणी दाखवलं नाही, आणि ते दाखवण्याचा पगार मी घेत होते.

मी त्याला तसं सांगितलं. तो एकदम ओशाळला. "नाही बाई, मी गमतीनं म्हटलं." मग त्याने स्वतः संगणक पुढे ओढला. मी कंट्रोल आणि यू दाबायला सांगितलं. वरची ओळ त्याने मोठ्याने वाचली, आणि हे बदलायचं कुठे ते शोधायला त्याला आणि त्याच्या त्या चार मुलांना मिळून पाऊण तास लागला. साच्याच्या पोटात कुठेतरी होतं ते. सापडलं तेव्हा त्यातला सगळ्यात लहान मुलगा म्हणाला, "सर, आपल्या बाकीच्या साइट्सवर काय आहे?" मग ते एकामागून एक उघडत बसले. मी चहा संपवून निघाले तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी ह्यांनी लेख पुन्हा ऐकला. यंत्राचा आवाज काही गोड नाही, पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा येतो. पण मराठी होता. दोरीच्या कंपासापर्यंत आला तेव्हा यांनी थांबवून तेवढा भाग पुन्हा लावला.

मुख्याध्यापकांचं मनोगत अजून चित्रच आहे. तो म्हणाला टंकून घेतो, पण माणूस मिळेना. मीच टंकून पाठवते म्हटलं, स्मरणिकेची पानं झाली की.