आकडा उतरला, झटका टळला का?

ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी, झपाट्याने उतरवणारी दोन नवी इंजेक्शने अमेरिकेत मंजूर झाली आहेत. ओलेझारसेन डिसेंबर 2024 मध्ये आले, प्लोझासिरान नोव्हेंबर 2025 मध्ये. यकृतात तयार होणारे एपीओसी-3 हे प्रथिन या चरबीचा निचरा अडवते. ही औषधे त्या प्रथिनाची निर्मितीच रोखतात. ही मंजुरी मात्र एका अतिदुर्मीळ आनुवंशिक विकारापुरती होती. त्यात ट्रायग्लिसराइड हजाराच्या पार जाते, रक्त दुधाळ दिसते आणि स्वादुपिंडाला सूज येऊन जिवावर बेतते. ओलेझारसेनच्या पुढच्या चाचण्यांत 500 च्या वर पातळी असलेले हजाराहून अधिक रुग्ण होते. त्यांच्यात स्वादुपिंडदाहाचे प्रसंग सुमारे 85 टक्क्यांनी घटले. अशा रुग्णांसाठी ही औषधे जरूर यावीत, परवडतील अशा दरात यावीत.

पण 220 किंवा 300 आकडा पाहून धास्तावलेल्यांना हृदयरक्षक म्हणून ती विकली जाऊ नयेत. भारतात अशी विक्री होण्याची भीती खरी आहे. महाराष्ट्रासह चार ठिकाणी झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत जवळपास 30 टक्के प्रौढांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले आढळले होते. एवढी मोठी बाजारपेठ कोण सोडेल? मात्र आकडा उतरला की हृदय वाचतेच, असे नाही. पेमाफायब्रेट या औषधाची चाचणी 10 हजारांहून अधिक मधुमेहींवर झाली, तिचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. ट्रायग्लिसराइड साधारण चौथ्या हिस्स्याने घटले, झटके मात्र तितकेच राहिले. कारणही उघड आहे. धमनीत साचणाऱ्या कणांची संख्या एपीओ-बी या तपासणीतून कळते आणि ती या औषधाने घटली नव्हती, उलट किंचित वाढली होती.

यावर दोन आक्षेप येतात. ज्यांच्यात एपीओसी-3 जन्मतःच कमी असते त्यांना हृदयविकार कमी होतो, हा पहिला. तो वजनदार आहे, पण आयुष्यभराचा जन्मजात लाभ पन्नाशीत घेतलेल्या इंजेक्शनाने मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी चाचणीच हवी. दुसरा आक्षेप आयकोसापेंट इथिल या माशाच्या तेलापासून बनवलेल्या औषधाचा. त्याने धोका 25 टक्क्यांनी घटवला हे खरे. पण तुलनेसाठी दिलेले खनिज तेलच अपायकारक होते का, हा वाद मिटलेला नाही, आणि 2020 मध्ये दुसऱ्या ओमेगा-3 औषधाची चाचणी निष्फळ ठरून थांबवावी लागली. आपल्याकडचे सरोग्लिटाझार हे ट्रायग्लिसराइड उतरवणारे औषध 2013 पासून मधुमेहींना दिले जाते. त्याने झटके टळतात हे सिद्ध करणारी मोठी चाचणी अजून झालेली नाही. तोवर बहुतेकांसाठी गरजेनुसार स्टॅटिन, साखरेवर ताबा, वजन आणि मद्य कमी करणे हाच भरवशाचा उपचार आहे. त्याची जाहिरात कोणतीच कंपनी करणार नाही, हे वेगळे.