जोखीम रुग्णात किती, रस्त्यात किती?

छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाला ठेवून घ्यायचे की घरी पाठवायचे, हा प्रश्न मुंबईत एक असतो आणि धडगावात दुसराच.

जोखीम मोजण्याची साधने आज डॉक्टरांपाशी आहेत. रुग्ण येताच दहा मिनिटांत ईसीजी काढावा, हा सर्वमान्य दंडक आहे. २००८ साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी ‘हार्ट स्कोअर’ मांडला. दुखण्याचे स्वरूप, ईसीजी, वय, मधुमेह-रक्तदाब-धूम्रपानासारखी कारणे आणि रक्तातील ट्रोपोनिन, या पाचांना प्रत्येकी ० ते २ गुण. बेरीज ३ पर्यंत असली, तर धोका कमी मानून रुग्णाला सहसा घरी पाठवतात.

पद्धत सुटसुटीत आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण मी हयात बँकेत काढली. कर्ज देताना आम्हीही जोखीम मोजत असू आणि जाणता अधिकारी वर एक प्रश्न विचारीच: अंदाज चुकला, तर सावरायला अवधी मिळेल काय?

शहरात तो मिळतो. अक्राणीत घर म्हणजे सातपुड्यातला पाडा; कित्येक पाड्यांतून आजारी माणूस बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावा लागतो. सप्टेंबर २०२१ मध्ये दरड कोसळून चांदसैली घाट बंद झाला, तेव्हा एक नवरा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन निघाला. ती वाचली नाही. ‘पुन्हा दुखले तर या’ हे वाक्य येथे फार महाग पडते.

त्यातून ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात. पहिला ईसीजीही निर्दोष निघू शकतो. शिवाय या भागात सिकलसेल आहे. त्यात फुप्फुसाला बाधा होऊन छातीत दुखते आणि ते प्राणावर बेतू शकते. हार्ट स्कोअरमध्ये त्याला रकाना नाही. तरुण वयाला शून्य गुण मिळतात, म्हणून असा मुलगा ‘कमी धोक्याचा’ ठरायचा.

म्हणून धडगावात कमी गुणांच्या रुग्णालाही रात्रभर ठेवून घ्यावे, तपासण्या पुन्हा कराव्यात, सिकलसेलची चौकशी करावी. ईसीजीत मोठा झटका स्पष्ट दिसला, दोन तासांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसली आणि रक्तस्रावाचा धोका नसला, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथेच द्यावे. पुढच्या गावची वाट पाहू नये.

खाटा मोजक्या, डॉक्टर त्याहून मोजके, ही अडचण खरी. मग त्या वाढवा, असे सरकारला सांगायला हवे. अंतराचा भार रुग्णाच्या छातीवर टाकणे हा काही हिशेब नव्हे.