मूल भेटीला जाते, साक्षीला नाही

तलाक किंवा खुला झाला की जमातीत बैठक बसते. मेहर किती बाकी, इद्दतचा खर्च कोण देणार, जहेजमधले कपाट कुणाकडे, याची यादी होते. अगदी शेवटी, सगळे उठायच्या बेतात असताना, एक ओळ लिहिली जाते : मूल आईकडे राहील, वडील भेटू शकतील. कधी भेटतील, कुठे, किती वेळ, आणायला कोण जाईल, ईदला काय, यातले काहीच कागदावर नसते. मग दर रविवारी तेच भांडण दारात उभे राहते आणि दोघांच्या मधे चार वर्षांचे मूल.

आपली चर्चा बहुधा ‘मूल कुणाचे’ इथेच अडते. हनफी फिक्हनुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते. याला हिजानत म्हणतात. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम मुलाचे हित पाहायला सांगतो आणि न्यायालये त्यालाच सर्वात जास्त वजन देतात. २०२० साली यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्या पालकाला पुरेशी भेट मिळाली पाहिजे, कारण मुलाला दोघांच्याही प्रेमाचा हक्क आहे. ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता यावे, असेही न्यायालयाने म्हटले. म्हणजे भेट हा अब्बूवर किंवा अम्मीवर केलेला उपकार नाही. तो मुलाचा हक्क आहे.

पण कागदावरचा हक्क लहान मुलाच्या अंगवळणी कसा पडणार? तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘दुसरा आणि चौथा रविवार’ कळत नाही. त्याला भिंतीवरचे कॅलेंडर कळते : हिरवा ठिपका अब्बूचा, रोज एक दिवस खोडायचा. या वयात महिन्यातून एकदा दिवसभर भेटण्यापेक्षा थोडा वेळ, पण वरचेवर भेटणे बरे. सुरुवात ओळखीच्या जागी दोन-तीन तासांनी करावी; मुक्काम नंतर. झोपताना लागणारी चादर किंवा खेळणे सोबत द्यावे. निरोप छोटा असावा. आपणच दारात रडत उभे राहिलो तर मुलाला वाटते, जाणे म्हणजे काहीतरी वाईट.

मूल रडेलच. बालवाडीच्या पहिल्या आठवड्यातही ते रडते, म्हणून आपण बालवाडीवर आरोप करत नाही. जाताना रडले म्हणून अब्बू वाईट ठरत नाहीत आणि परतताना रडले म्हणून अम्मी. मात्र मारहाणीच्या खुणा दिसल्या, किंवा दिवस गेले तरी भीती कमी न होता वाढतच गेली, तर गप्प बसू नये. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात. कुणाच्या तरी देखरेखीखाली भेट ठेवण्याची मागणीही करता येते.

सगळ्यात जास्त नुकसान घरी परतल्यावर होते. “तिकडे कोण आले होते? दादी माझ्याबद्दल काय म्हणाली?” अशी उलटतपासणी दोन-तीनदा झाली की मूल शिकते : इथे एक बोलायचे, तिथे दुसरे. “अब्बूला सांग, फी भर” हा निरोपही त्याच्या हाती देऊ नये. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांत शिफ्ट बदलताना काम लिहून सोपवतात, समोरच्याशी पटत नसले तरी. मूल सोपवताना तशाच चार ओळी थेट फोनवर पाठवाव्यात : काय खाल्ले, झोप झाली का, ताप आहे का, औषध किती वाजता.

ईदचे भांडण तर ठरलेलेच. चंद्रावर अवलंबून असलेल्या सणासाठी तारीख लिहून काय उपयोग? त्यापेक्षा असे लिहावे : ईदचा दिवस अम्मीकडे, बासी ईद अब्बूकडे, पुढच्या ईदला उलट. कोकणातले कितीतरी बाप आखातात नोकरीला असतात. त्यांनी व्हिडिओ कॉलची वेळ बांधून घ्यावी आणि “बोल ना, बोल” असा धोशा लावण्याऐवजी गोष्ट वाचून दाखवावी, मुलाने काढलेले चित्र पाहावे.

हे वाचणाऱ्या अनेकांचे अजून लग्नही झालेले नसेल. पण तुम्ही कुणाचे तरी मामू आहात, कुणाची खाला, कुणाची फूफी. नवरा-बायकोला एकमेकांचे तोंड पाहवत नसेल तेव्हा मुलाला सोडायला आणि आणायला तुम्ही जाऊ शकता. नानीच्या घरी “तुझा बाप असाच” हे वाक्य सुरू झाले की मुलाला बाहेर खेळायला नेऊ शकता.

आणि जमातीची कागदपत्रे लिहायला हल्ली तुम्हालाच बसवतात. तेव्हा एवढे करा : मुलाचे एक वेगळे पान करा. वार, वेळ, जागा, कोण नेणार, आजारपणात काय, सुट्टीत काय, ईदला काय. दोघांच्या सह्या घ्या आणि शक्य असेल तर ते कौटुंबिक न्यायालयातून मंजूर करून घ्या, म्हणजे त्याला आदेशाचे बळ येईल. ते पान आधी लिहा. कपाटाचे नंतर बघू.