सिस्टरला पाच वर्षे, डॉक्टरला दोन

भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून देशात लागू झाली. तिच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. उपचार करताना डॉक्टरकडून तसे घडले, तर कैदेची मर्यादा दोन वर्षे. ही सवलत कोणाला, हेही कलमातच सांगितले आहे: वैद्यकाच्या राष्ट्रीय किंवा राज्य नोंदवहीत नाव असलेल्यांना. परिचारिका त्यात बसत नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम 304-अ मध्ये सगळ्यांनाच दोन वर्षांची मर्यादा होती. नव्या कायद्याने डॉक्टरची कैद होती तेवढीच ठेवली आणि त्याच खाटेशेजारी उभ्या असलेल्या सिस्टरची अडीचपट केली.

हा अन्याय आहे. तो दुरुस्त व्हायला हवा.

रात्री दोन वाजता वॉर्डात पेशंट अस्वस्थ होतो. निवासी डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर इमर्जन्सीत अडकलेले असतात. फोनवर ऑर्डर येते: अमुक इंजेक्शन, इतके एमएल. सिस्टर ते देते, वेळ लिहिते, सही करते. सकाळी केस पेपरवर डॉक्टरांची सही व्हायची, ती राउंडच्या गडबडीत राहून जाते. पुढे काही बिघडले, की पोलिसांच्या हाती लागणाऱ्या कागदावर एकच सही असते. तोंडी ऑर्डर परत वाचून दाखवावी, शंका असेल तर इंजेक्शन देऊ नये, लेखी ऑर्डर लवकरात लवकर घ्यावी, हे प्रत्येक नर्सिंग विद्यार्थिनीला शिकवले जाते. पण कंत्राटावरची मुलगी वरिष्ठांना ‘सर, डोस एकदा परत बघता का?’ असे विचारते, तेव्हा तिची नोकरीच पणाला लागलेली असते. असे विचारणाऱ्या सिस्टरमागे रुग्णालय उभे राहत नसेल, तर तिला नीतिमत्तेचे धडे देण्याचा अधिकार त्या रुग्णालयाला उरत नाही.

परिचारिकेची स्वतःची जबाबदारी कडकच असावी. नाव न तपासता औषध देणारी, न मोजलेला बीपी तक्त्यात भरणारी, पडदा न ओढता गुंगीतल्या बाईचे कपडे बदलणारी सिस्टर दोषी आहे. ताण कितीही असो.

या व्यवसायाची नीती किती उंच जाऊ शकते, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दाखवले आहे. 1973 मधील हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांना तिथल्या परिचारिकांनी 2015 पर्यंत सांभाळले. इतक्या वर्षांत त्यांना एकदाही बेडसोर झाला नाही, याची सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात दखल घेतली आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच मानला.

आता दुसरी बाजू. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 रोजी नवजात शिशू कक्षाला आग लागून 10 बाळे गेली. कारवाई झालेल्यांत कंत्राटी परिचारिका होत्या. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि 11 रुग्ण दगावले. काही दिवसांतच एका वैद्यकीय अधिकाऱ्यासह तीन परिचारिकांना अटक झाली. आगीच्या वेळी ड्यूटीवरची सिस्टर कुठे होती, हे विचारलेच पाहिजे. पण वायरिंग, फायर ऑडिट, स्प्रिंकलर यांपैकी काहीही तिच्या अखत्यारीत नसते. त्या फायली ज्यांच्या टेबलावर पडून राहतात, त्यांनाही तितक्याच तातडीने जाब विचारायला हवा.

व्यक्तीची चूक आणि व्यवस्थेची चूक यांत जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमका फरक केला होता. लुधियानात श्वास कोंडलेल्या पेशंटसाठी आणलेला ऑक्सिजन सिलिंडर रिकामा निघाला होता. त्यासाठी फार तर रुग्णालय दिवाणी कायद्याने जबाबदार ठरेल, डॉक्टरवर फौजदारी खटला चालणार नाही, असे न्यायालय म्हणाले. फौजदारी गुन्ह्यासाठी हलगर्जी घोर असावी, तक्रारीला दुसऱ्या सक्षम डॉक्टरच्या मताचा आधार असावा आणि डॉक्टरला सरसकट अटक होऊ नये, हेही त्याच निकालात आहे. रिकामा सिलिंडर हाती आलेल्या सिस्टरला वेगळा न्याय का?

राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला. परिचारिकांची राष्ट्रीय नोंदवही आणि आचारनीती मंडळ यांची तरतूद त्यात आहे. चार महिन्यांनी त्याच संसदेने न्याय संहिता मंजूर केली, तेव्हा या नोंदवहीचा विसर पडला. कलम 106 च्या स्पष्टीकरणात तिचा उल्लेख आला, तर विषमता मिटेल. दुरुस्ती होईपर्यंत राज्य सरकारला एक परिपत्रक नक्की काढता येईल: परिचारिकेवर गुन्हा नोंदवण्याआधी अनुभवी नर्सिंग अधिकाऱ्याचे लेखी मत घ्यावे आणि घटनेच्या पाळीत किती पेशंटमागे किती सिस्टर होत्या, हा आकडा चौकशी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहावा.