वडिलांची बंदूक मुलाला ‘भेट’ देता येते का?

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात रानडुकरं पिकात घुसतात. राखणीसाठी कुणाकडे परवान्याची बंदूक असते. वय झालं की वडील ती मुलाच्या हाती देतात. घरातल्या घरात काय बिघडतं? बरंच! १९५९च्या शस्त्र कायद्यात फुकट किंवा उसनं देणं हेही हस्तांतरच. घेणाऱ्याकडे स्वतःचा परवाना हवा. शिवाय जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं.

वारसांसाठी सोय आहे, पण ती फारशी कुणाला ठाऊक नसते. २०१६च्या नियमांनुसार वडील ७० वर्षांचे झाले किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तर त्यांच्या हयातीतच मुलगा अलिबागला परवान्यासाठी अर्ज करू शकतो. तोवर ती घेऊन एकटाच राखणीला गेला, तर गुन्हा विनापरवाना शस्त्राचा. २०१९च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान २ वर्षं, कमाल ५.