आकड्याला गोळी, कारणाला बगल

‘प्रोलॅक्टिन वाढलंय, गोळी सुरू करा.’ पाळी लांबलेल्या, दिवस न राहणाऱ्या बाईला हा सल्ला आज सर्रास मिळतो. त्याचं समर्थनही तयार असतं: आकडा 25 च्या वर आहे, कॅबरगोलिनच्या गोळीने काही आठवड्यांत उतरेल, मग खोलात कशाला शिरायचं?

शिरायलाच हवं. मेंदूतून येणारं डोपामिन पिट्युटरी ग्रंथीतल्या प्रोलॅक्टिनला, म्हणजे दूध आणणाऱ्या हार्मोनला, सतत आवरून धरतं, आणि हा आवर सैल करणारं औषध पुष्कळदा घरातच असतं. पित्ताच्या कॅप्सूलचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलच्या जोडीला डॉमपेरिडोन नाहीतर लेव्होसल्पिराइड छापलेलं आढळेल. पहिलं औषध आम्ल कमी करतं. दुसरं जठराची हालचाल वाढवतं, पण डोपामिनची वाट अडवून प्रोलॅक्टिनही चढवतं. केमिस्टकडून परस्पर आणून ही कॅप्सूल महिनोन्‌महिने घेणाऱ्या बाईची छाती दुखू लागते, मूल अंगावर नसताना दूध येतं, पाळी थांबते. ती कॅप्सूल तशीच चालू ठेवून वर कॅबरगोलिन द्यायचं, याला मी उपचार म्हणणार नाही.

थायरॉइड मंदावलं तरी प्रोलॅक्टिन वाढतं; तिथे थायरॉक्सिन पुरतं. सुईच्या धास्तीनेही आकडा थोडा चढतो, म्हणून किंचित वाढ असेल तर शांत बसवून पुन्हा रक्त घ्यावं. आणि गरोदरपणात तर तो वाढायलाच हवा!

पण म्हणून प्रोलॅक्टिनकडे काणाडोळा करा, असं मी मुळीच म्हणत नाही. ते दीर्घकाळ चढं राहिलं तर इस्ट्रोजेन घटतं, हाडं ठिसूळ होतात. पुरुषांची गत अधिक वाईट. ‘हे बायकांचं हार्मोन’ या समजुतीपायी त्यांची तपासणीच होत नाही; कामेच्छा गेल्याचं ते लाजेने बोलत नाहीत, आणि डोकेदुखी सुरू होऊन बाजूचं दिसेनासं होईपर्यंत पिट्युटरीतली प्रोलॅक्टिन वाढवणारी गाठ मोठी झालेली असते. तिथे कॅबरगोलिनला तोड नाही. आठवड्यातून एकदोनदा घेतलेल्या गोळीने अशा बहुतेक गाठी आकसतात, शस्त्रक्रिया टळते.

ही गोळी लिहिण्याआधी पेशंटच्या पिशवीतली सगळी औषधं टेबलावर काढायला लावा, एवढाच माझा आग्रह आहे. त्यात रिस्पेरिडोनसारखं मनोविकाराचं औषध निघालं, तर मात्र पेशंटने ते स्वतःहून थांबवू नये. आजार उलटू शकतो. मात्रा कमी करायची की औषध बदलायचं, हे मानसोपचारतज्ज्ञानेच ठरवावं.