भिंतीवरचे चित्र, चौकटीतले चित्र

मार्च २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्ताने सी-२० ची बैठक नागपुरात भरली, तेव्हा शहरातील कितीतरी भिंती चित्रांनी रंगल्या. पाहुणे परतले, चित्रे मात्र वैशाखाचे ऊन आणि आषाढाचा पाऊस सोसत राहिली. अशा चित्राला आयुष्य थोडेच. म्हणून ते मोबाइलमध्ये टिपून ठेवणे चांगले. पण बहुतेक जण चित्रासमोर ताठ उभे राहतात आणि त्याची नुसती नक्कल घेऊन घरी येतात.

भिंत म्हणजे कोरा कागद नव्हे. तिला खिडकी असते, पन्हळ असते, विजेचा मीटर असतो. ही अडचण न मानता चौकटीत घ्यावी. रस्ता ओलांडून पलीकडे जावे आणि रंगवलेल्या वाघासमोरून एखादा सायकलस्वार जाईपर्यंत थांबावे, म्हणजे चित्राचा आकारही कळतो आणि गावही दिसते. हिवाळ्यात उत्तराभिमुख भिंतीवर मऊ, सारखा उजेड मिळतो. मे महिन्यात मात्र सकाळी नऊच्या आत काम उरकावे. पावसाळ्यात भिंतीवर शेवाळ चढते. फोटो स्वच्छ यावा म्हणून ते खरवडू नये, हे श्रावकाच्या घरात वेगळे सांगावे लागत नाही.

ज्या शहरातील चितारओळीचे नावच चिताऱ्यांवरून पडले, तेथे चित्र कोणाचे हा प्रश्न तरी विसरला जाऊ नये. व्यापारी घरांत तो हमखास उद्भवतो. स्वतःच्या संग्रहासाठी फोटो काढणे निराळे आणि तोच फोटो दुकानाच्या दिवाळी कॅलेंडरवर छापणे निराळे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरील हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. मोबदला देऊन चित्र काढून घेतले असेल, तर हा हक्क काढून घेणाऱ्याकडे जाऊ शकतो. तरीही आपले नाव लावण्याचा चित्रकाराचा अधिकार उरतोच. दिल्लीच्या विज्ञान भवनातून उतरवताना अमरनाथ सहगल यांच्या भित्तिशिल्पाची हानी झाली, तेव्हा उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सरकारला ते परत करण्यास आणि भरपाई देण्यास सांगितले होते. चित्र उघड्यावर आहे म्हणून ते कोणाचेच नाही, हा समज कायद्याला मान्य नाही. अचौर्य अणुव्रत घेतलेल्याला तर अदत्तादान हा शब्द पुरेसा आहे.

परवानगी मागताना पंचाईत होते ती नाव न सापडल्याने. सही बहुधा खालच्या कोपऱ्यात असते आणि घाईत नेमका तोच कोपरा कापला जातो. फोटो घेताना दोन पावले मागे सरावे.